हंडिगोडु: खेकड्यांपासून जनुकांपर्यंत

कर्नाटकातल्या मलनाडात, शिमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात हंडिगोडु हे गाव आहे. १९७५च्या आसपास तिथल्या दलित वस्त्यांमधली एक व्याधी डॉक्टरांच्या नजरेत आली. खुबे दुखू लागायचे, चाल बिघडायची, उकिडवे बसणे जमेनासे व्हायचे. दुखणे फार वाढले की माणूस हातापायांवर रांगतच घरात वावरायचा. रोग चनंगी आणि चलुवादी या समाजांत दिसत होता, आणि ही माणसे बहुतेक भूमिहीन, शेतमजुरीवर जगणारी. वाकून भात लावणाऱ्याचा खुबाच निकामी झाला तर त्याच्या घरात चूल कशी पेटणार?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने पाहणी केली. पहिला संशय ताटावर गेला. भातावर कीटकनाशके फवारली जात होती आणि मजूर त्याच खाचरांतले खेकडे, मासे खात होते. संशय अनाठायी नव्हता. पण व्याधी ठरावीक घराण्यांतच का, याचे उत्तर खेकड्यांतून मिळेना. संस्थेच्या संशोधकांनी १९७७ साली तिचे वर्णन केले तेही ‘कौटुंबिक’ संधिवात असेच.

१९९०च्या दशकात संशोधक एस. एस. अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराण्यांचा इतिहास आणि क्ष-किरण चित्रे तपासली. हाडांच्या टोकांची वाढच मुळात सदोष होती. काहींचे फक्त खुबे झिजलेले, काहींच्या मणक्यांतही बिघाड, तर काहींची उंचीच खुंटलेली. निष्कर्ष निघाला की हा दोष प्रभावी जनुकाचा आहे. आई किंवा वडील, एकाकडून आला तरी पुरतो, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

इथे थोडे थांबायला हवे. असा आजार दिसला की ‘नात्यात लग्ने करतात, म्हणून भोगतात’ असे लोक सहज बोलून जातात. प्रभावी दोषाला दोन्हीकडून वारसा लागतच नाही. जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांमुळे तो त्या समाजात टिकून राहिला असेल, पण तो त्यांच्या वागण्यातून जन्मलेला नाही. त्याबद्दल आधीच पिचलेल्या माणसांना बोल लावणे अन्यायाचे आहे.

एकाच जनुकाने खुबा जाण्याची उदाहरणे इतरत्रही आहेत. २००५मध्ये तैवानच्या काही कुटुंबांत मांडीच्या हाडाचे डोके मृत होण्यामागे कोलॅजेन बनवणाऱ्या जनुकातला बदल सापडला. उतारवयात सर्रास दिसणारी खुब्याची झीज मात्र वेगळी. २००० सालच्या ब्रिटिश जुळ्या स्त्रियांच्या अभ्यासात तिच्यातला सुमारे ६० टक्के वाटा आनुवंशिक निघाला, पण तो अनेक जनुकांत विखुरलेला. २०२१मध्ये ८,२६,६९० लोकांच्या माहितीतून सांध्यांच्या झिजेशी निगडित १०० जनुकीय ठिकाणे हाती आली; त्यांतल्या बहुतेकांचा एकेकट्याचा प्रभाव अगदी थोडा.

हंडिगोडुच्या कुटुंबांनी संशोधकांना आपले रक्त दिले, आपली घराणी उलगडून दाखवली. त्या बदल्यात जनुकीय सल्ला, सांधेबदल आणि निर्वाहाची हमी त्यांच्या दारापर्यंत पोचवणे ही सरकारची जबाबदारी आहे, आणि ती आता पार पडायलाच हवी.