सोप्यात उघडलेली वही

सुगी आटोपून ज्वारी घरात आली की निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या गावांत हेळवी दिसू लागतात. पूर्वी हेळवी नंदीवर बसून यायचा. पितळी घंटेचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की म्हाताऱ्या माणसांना बघावं लागत नसे, कोण आलंय ते कळायचं. आता मोटारसायकलवरून येणारेही आहेत. वंशावळीची वही मात्र कापडात गुंडाळलेलीच असते आणि ती उघडायची जागाही तीच, थोरल्या घराचा सोपा.

घराण्यांच्या पिढ्या सांगणं हा हेळवी समाजाचा पिढीजात व्यवसाय. आपल्या परंपरेचं मूळ ते बाराव्या शतकातल्या बसवेश्वरांपर्यंत नेतात. कुठली गावं, कुठली घरं कुणाची, हे ठरलेलं असतं आणि ती यजमानकी बापाकडून मुलाकडे येते. लिंगायत घरात कन्नडमध्ये आणि चार घरं ओलांडून मराठा घरात मराठीत, असं एकाच सकाळी एकच माणूस सांगू शकतो.

वाचन आजच्या पिढीपासून सुरू होत नाही. आधी येतो मूळ पुरुष: कुठल्या गावचा, तिथून का उठला, इथं येऊन कुणाच्या आधारानं राहिला. मग देवक, कुलस्वामी. या भागात एकाच गावात जोतिबाला जाणारी घरं असतात आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारीही. त्यानंतर थोरली पाती, मधली पाती, धाकटी पाती. नावं एका लयीत, जवळजवळ एका दमात येतात. डोळे पानावर असले तरी निम्मं पाठच असतं.

ऐकायला सगळी भावकी जमते आणि खरं काम तिथंच होतं. धाकट्या पातीत एखादं नाव आलं की आतून कुणी आजी म्हणते, ‘तो दत्तक गेला की ओ.’ हेळवी थांबतो. कुठल्या घरी गेला, कुणाच्या मांडीवर बसला, हे विचारतो. दुसऱ्या सोप्यातला कुणी चुलता त्याला दुजोरा देतो, नाहीतर हरकत घेतो. वर्षानुवर्षं बोलणं नसलेले चुलतभाऊही अशा वेळी समोरासमोर येतात, कारण आपल्या पणजोबाचं नाव दुसऱ्याच्या फांदीवर गेलेलं कुणालाच चालत नाही. हेळव्याच्या वहीची विश्वासार्हता शाईत कमी आणि या उघड्यावरच्या तपासणीत जास्त आहे. शेकडो जाणती माणसं पिढ्यानपिढ्या ती पुन्हा पुन्हा तपासत आली आहेत.

आडनावांचा गुंता सुटतो तोही इथंच. पाटील, देसाई, चौगुले, नाडगौडा ही सीमाभागातली आडनावं मुळात गावकीतली नाहीतर परगण्यातली पदं. म्हणून एकाच गावातल्या दोन पाटलांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही आणि शेजारच्या गावातला भलत्याच आडनावाचा माणूस मात्र सख्ख्या भावकीतला निघतो. लग्न जुळवताना हे कळणं फार मोलाचं होतं.

वहीला तालुका-जिल्ह्यांच्या हद्दी लागू नाहीत. 1956 साली राज्य पुनर्रचना झाली. चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापूरला जोडला गेला, बेळगाव आणि निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. भावकी दोन राज्यांत वाटली गेली, एकाचा जमिनीचा उतारा एका भाषेत आणि दुसऱ्याचा दुसऱ्या भाषेत झाला. हेळव्याच्या पानावर ती भावंडं एकाखाली एकच राहिली. या भागाच्या इतिहासाचं इतकं जिवंत साधन दुसरं क्वचितच असेल.

अशा वह्या इतरत्रही आहेत. त्र्यंबकेश्वरचे तीर्थपुरोहित नामावळ्या सांभाळतात, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेनं मायक्रोफिल्मिंग केलं. पण तीर्थाच्या ठिकाणी यजमान वहीकडे जातो, इथं वही यजमानाकडे येते. म्हणूनच अख्खी भावकी ऐकायला बसू शकते.

सध्या वंशावळीची गरज वाढली आहे. कर्नाटकात वारस लावायला नाडकचेरीतून वंशवृक्षाचा दाखला लागतो. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात आणि 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी लिपी वाचणाऱ्यांना अचानक बोलावणी येऊ लागली. ज्यांनी हेळव्याला एकेकाळी दारातून परत पाठवलं असेल, त्यांनाही आता खापरपणजोबाचं नाव हवं आहे.

वाचन संपलं की नवी नावं चढतात. ही वंशावळ पुरुषांच्या नावांनी चालते, लेकी दुसऱ्या घरच्या म्हणून बाहेर राहतात. ही उणीव मोठी आहे आणि ती भरून काढणं घरच्यांच्याच हातात आहे: नावं सांगतानाच लेकींची नावं, त्यांची सासरं सांगावीत. मग हेळव्याला धान्य, कापड, भांडं, ऐपतीप्रमाणे पैसे. चांगली सुगी झालेल्या घरानं पूर्वी गाय किंवा बैलही दिला आहे.

बेळगाव-निपाणीकडच्या एखाद्या संग्रहालयानं किंवा वाचनालयानं या वह्यांची छायाचित्रं घ्यायचं ठरवलं, तर हेळव्याची परवानगी आणि त्याचा योग्य मोबदला आधी ठरवावा, कारण ती वही त्याची मिळकत आहे. आणि पानं टेबलावर मांडून काम उरकू नये. वाचन सोप्यातच लावावं, भावकीला बोलवावं, आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि आजीनं घेतलेली हरकत त्या त्या पानाच्या क्रमांकासह लिहून घ्यावी.