मासा की तारा? न वाचलेल्या लिपीत पंचांग शोधताना

आजचा लेख खास त्यांच्यासाठी आहे जे पेट किंवा सेटची तयारी करताहेत आणि सोबत पीएच.डी.साठी विषय शोधताहेत. प्राचीन लिपी, नक्षत्रं आणि कालगणना या विषयाची भुरळ अनेकांना पडते. मलाही पडली. माझं काम चिन्हांच्या मालिकांच्या सांख्यिकीचं आहे. त्यामुळे "या अगम्य लिपीत नक्षत्रं लपली आहेत" असा दावा दिसला, की मी आधी एकच प्रश्न विचारतो : हा दावा चुकीचा असता, तर ते आपल्याला कळलं असतं का?

हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. पण कुठला दावा टिकला आणि कुठला अधांतरी राहिला, हे याच प्रश्नावर ठरतं. आज दोन उदाहरणं बघू. एक आपल्या मुंबईतलं, दुसरं पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरचं.

मुंबईतला मासा

सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही. तिच्यात माशासारखं दिसणारं एक चिन्ह वारंवार येतं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास शिकवणारे स्पॅनिश जेझुइट फादर हेन्री हेरास यांनी या चिन्हाबद्दल एक कल्पना मांडली. द्राविडी भाषांमध्ये 'मीन' म्हणजे मासा, आणि 'मीन' म्हणजेच तारासुद्धा. तमिळमध्ये आजही ताऱ्याला 'विण्मीन' म्हणतात. मग लिहिणाऱ्याने मासा काढून 'तारा' असं सुचवलं असेल का? एका शब्दाचा उच्चार दाखवायला दुसऱ्या वस्तूचं चित्र काढायचं, ही युक्ती जगातल्या अनेक जुन्या लिप्यांनी वापरली आहे. आपण 'कर' शब्दासाठी हाताचं चित्र काढून सरकारी कर सुचवावा, तसं.

फिनलंडचे संशोधक आस्को पार्पोला यांनी ही कल्पना पुढे नेली. काही मुद्रांवर माशाच्या आधी उभ्या रेघा आहेत, म्हणजे बहुधा अंक. जुन्या तमिळमध्ये कृत्तिकेला 'अरुमीन' म्हणजे सहा तारे, आणि सप्तर्षींना 'एळुमीन' म्हणजे सात तारे म्हणत. हडप्पाच्या एका मोठ्या मुद्रेवर तर 'सात' आणि 'मासा' एवढंच कोरलेलं आहे. वाचताना अंगावर काटा येतो की नाही?

आता काटा बाजूला ठेवू आणि प्रश्न विचारू. माशाआधी सहाच्या ऐवजी दुसरा अंक आला असता, तर कल्पना मोडली असती का? जरा मोजा. एक तारा म्हणजे चित्रा. दोन म्हणजे पुनर्वसू. तीन म्हणजे मृगशीर्ष, चार अनुराधा, पाच हस्त, सहा कृत्तिका, सात सप्तर्षी. कुठलाही अंक येऊ द्या, आकाशात त्याला जागा तयार आहे! ज्या कल्पनेत प्रत्येक उत्तर बसतं, तिची परीक्षा झालेली नसते.

याचा अर्थ हेरास किंवा पार्पोला चुकले, असा नाही. 'अरुमीन' आणि 'एळुमीन' ही नावं त्यांनी मनाने रचलेली नाहीत, ती भाषेत आहेत. म्हणून त्यांच्या कल्पनेतून एक नेमकं भाकीत काढता येतं : सहा आणि सात हे अंक इतर चिन्हांसोबत जितके येतात, त्यापेक्षा माशासोबत ठळकपणे जास्त यायला हवेत. ही मोजणी करायला उत्खनन लागत नाही. इरावतम महादेवन यांनी तयार केलेली सिंधू लेखांची सूची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने 1977 मध्ये छापली. त्यात 417 चिन्हं आणि प्रत्येक चिन्ह कुठे कुठे आलं याची नोंद आहे. मंठ्यात बसूनसुद्धा हे काम करता येतं.

अडचण वेगळीच आहे. सिंधू लेख फार छोटे आहेत, सरासरी पाचेक चिन्हांचे. त्यातून 'सहा-मासा' असलेले लेख वेगळे काढले की हातात मोजकीच उदाहरणं उरतात. एवढ्या नमुन्यावर पक्का निष्कर्ष काढणं म्हणजे दोन मुलांचे मार्क बघून अख्ख्या वर्गाचा निकाल सांगणं.

बेटावरचा चंद्र

आता समुद्रापार जाऊ. चिलीच्या किनाऱ्यापासून दूर पॅसिफिकमध्ये रापा नुई नावाचं पॉलिनेशियन बेट आहे. त्यालाच आपण ईस्टर आयलंड म्हणतो, मोठमोठ्या दगडी पुतळ्यांचं. 1864 मध्ये यूजीन एरो या फ्रेंच मिशनऱ्याने तिथल्या घरांमध्ये कोरीव चिन्हांच्या लाकडी फळ्या पाहिल्याचं लिहिलं. ही रोंगोरोंगो लिपी. एक ओळ संपली की फळी उलटी फिरवून पुढची वाचायची, अशी तिची रचना. पण त्याआधीच, 1862-63 मध्ये, पेरूच्या गुलाम व्यापाऱ्यांनी बेटावरची शेकडो माणसं पळवून नेली होती. मागोमाग देवीची साथ आली. लिपी जाणणारे लोकच उरले नाहीत. आज जेमतेम पंचवीसेक वस्तू शिल्लक आहेत, आणि लिपी अजूनही वाचता येत नाही.

या लिपीत ग्रह, ग्रहणं, नक्षत्रं वाचल्याचे दावे बरेच झाले. सर्वसाधारण मान्यता मात्र एकाच गोष्टीला मिळाली. 'मामारी' नावाच्या फळीवर दोन ओळींपेक्षा थोडा जास्त असा एक तुकडा आहे, तो चांद्रमासाचा आहे. हे 1958 मध्ये जर्मन संशोधक थॉमस बार्टेल यांनी दाखवलं आणि 1990 मध्ये जाक गी यांनी बारकाईने तपासलं.

तिथे काय आहे बघा. पौर्णिमेच्या एका चिन्हाभोवती 29 चंद्रकोरी आहेत. 29 आणि 1 मिळून 30. एवढ्यावर थांबलो असतो तर मी म्हटलं असतं, योगायोग असेल. 30 काय, कुठेही सापडतात. पण पुढे वाचा.

पहिली गोष्ट, कोरींचे आठ गट आहेत आणि प्रत्येक गटाआधी ठरावीक चिन्हांची एक मालिका येते. तिच्या शेवटी मासा आहे. हो, इथेही मासा! पौर्णिमेच्या आधीच्या चारही मालिकांत माशाचं डोकं वर, नंतरच्या चारही मालिकांत खाली. शुक्ल पक्ष आणि कृष्ण पक्ष. आठ माशांची दिशा नाणं उडवून ठरली असती, तर 256 शक्यता होत्या. त्यातल्या 'आधी चार वर, मग चार खाली' किंवा नेमकं त्याच्या उलट, या दोनच आपल्या कामाच्या. म्हणजे 128 मध्ये 1. लक्षवेधी आहे, पण हा हिशोब आपण नमुना दिसल्यानंतर करतोय, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबायचं नाही.

दुसरी गोष्ट निर्णायक आहे. बेटावरच्या लोकांकडून महिन्यातल्या रात्रींची नावं वेगवेगळ्या वेळी उतरवून घेतली गेली होती : 1886 मध्ये अमेरिकन जहाजावरून आलेल्या थॉमसन यांनी, 1934-35 मध्ये आल्फ्रेड मेत्रो यांनी. त्या याद्यांत काही रात्रींना स्वतंत्र नावं आहेत आणि काही रात्री लागोपाठ 'कोकोरे' या एकाच नावाच्या, पहिली, दुसरी, तिसरी अशा. फळीवरच्या कोरींचे गट याच रचनेशी जुळतात. त्यातही 28 रात्री नेहमीच्या आणि 2 गरजेनुसार घालायच्या. त्या दोन जादा रात्रींची जागासुद्धा फळीवर दिसते.

जादा रात्र कशाला, हे आपल्याला कुणी समजावायला नको. अमावास्या ते अमावास्या साधारण साडेएकोणतीस दिवस. चंद्राची गती कमीजास्त होते, म्हणून आपल्याकडे कधी क्षयतिथी, कधी वृद्धितिथी. दोन समाज हजारो मैलांवर, पण चंद्र एकच. हिशोब जुळवायची खटपट दोघांनाही करावी लागली.

फरक कुठे पडला?

दोन्हीकडे मासा, दोन्हीकडे आकाश. पण मामारीच्या बाबतीत फळीबाहेरची एक यादी होती. ती फळी वाचण्यासाठी केलेली नव्हती, आणि तिच्यात खाचाखोचा होत्या. गट असमान, जादा रात्रींची जागा ठरावीक. फळी जुळली नसती तर ते लगेच दिसलं असतं. सिंधू लेखांसाठी अशी यादी आपल्याकडे नाही.

आणि हेही लक्षात ठेवा की मामारीचा हा तुकडा ओळखू आला, तरी रोंगोरोंगो वाचता आली नाही. भिंतीवरची तेलुगू दिनदर्शिका तुम्ही चौकटी आणि चंद्राची चित्रं बघून ओळखाल. तेवढ्याने तेलुगू येत नाही.

मग सांख्यिकी काय करते?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या निशा यादव आणि मयंक वाहिया यांनी राजेश राव, महादेवन आणि इतर सहकाऱ्यांसोबत 2009 मध्ये 'सायन्स'मध्ये एक पेपर लिहिला. त्यांनी अर्थाला हातच घातला नाही. एक चिन्ह कळल्यावर पुढचं कोणतं येईल याची अनिश्चितता किती, एवढंच मोजलं. 'चैत्र' नंतर 'शुद्ध' किंवा 'वद्य' येण्याची शक्यता मोठी, 'भाकरी' येण्याची जवळपास नाही, तसं. सिंधू लिपीची ही अनिश्चितता भाषांच्या पट्ट्यात आली. डीएनएची जास्त निघाली, फोर्ट्रान या संगणकीय भाषेची कमी.

त्यावर आक्षेपही आले. रिचर्ड स्प्रोट यांचं म्हणणं होतं की भाषा नसलेल्या चिन्हव्यवस्थासुद्धा त्या पट्ट्यात येऊ शकतात. वाद मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंना मोजता येण्यासारखं काहीतरी समोर आहे, म्हणून वाद पुढे सरकतो.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

असा विषय घेणार असाल तर गाईडकडे जाण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

1. माझी कल्पना चुकीची असेल, तर डेटामध्ये काय दिसेल?
2. तुलनेसाठी माझ्याकडे बाहेरची, स्वतंत्रपणे गोळा झालेली यादी आहे का?
3. 12, 27, 30 असे आकडे मी किती ठिकाणी शोधले आणि किती ठिकाणी सापडले नाहीत? न सापडलेलेही सांगायचे.
4. चिन्हांचा क्रम संगणकावर हजार वेळा पिसून बघितला, तर माझा नमुना किती वेळा आपोआप तयार होतो?

चौथा प्रश्न सर्वांत जास्त झोप वाचवतो. पायथॉनमध्ये दहा-बारा ओळींचं काम आहे. पिसलेल्या चिन्हांतही तुमचं नक्षत्र दिसायला लागलं, तर विषय तिथेच बदला. तीन वर्षांनी फेलोशिप संपत आली असताना बदलण्यापेक्षा ते बरं.

आणि एक गृहपाठ. घरातलं जुनं पंचांग घ्या. मित्राला सांगा की एका महिन्याच्या तिथींना अक्षरांऐवजी मनाने ठरवलेली चिन्हं देऊन लिहून दे, आणि तशीच 30 चिन्हांची एक निव्वळ बनावट यादीही कर. कोणती खरी हे त्याने सांगायचं नाही. तुम्ही ओळखा, आणि कशावरून ओळखलं ते लिहून काढा. त्या अर्ध्या पानात तुमच्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणाची सुरुवात असेल.