पहिला घोट कुणी पाजायचा?

बोदवड तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात माणसाला लकवा मारला, की तालुक्याचं रुग्णालय आणि तिथून भुसावळ किंवा जळगाव गाठेपर्यंत बराच वेळ जातो. रुग्ण खाटेवर टेकला की नातलगांना काळजी लागते ती पोटाची: सकाळपासून उपाशी आहे, निदान दोन घोट चहा तरी जाऊ दे. माया खरी, पण धोका तिथेच आहे. लकव्यानंतरच्या पहिल्या दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांचं गिळणं बिघडलेलं असतं. एरवी घास उतरताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं आणि श्वासनलिकेचं तोंड मिटतं. मेंदूला इजा झाली की हे उशिरा किंवा अर्धवट होतं. चहा-पाणी पातळ, झपाट्याने उतरणारं. तोंड मिटण्याआधीच ते श्वासनलिकेत शिरतं. आपण ज्याला सगळ्यात हलकं समजतो, तेच इथे सगळ्यात अवघड. मग ताप येतो, छाती भरते, आणि हा न्यूमोनिया त्या चहातून आला असेल अशी शंकाही कुणाला येत नाही.

म्हणून गिळणं तपासल्याशिवाय तोंडाने काहीही, अगदी गोळीसुद्धा, देऊ नये. आणि ही तपासणी वॉर्डातल्या सिस्टरनेच करावी. तिला यंत्र लागत नाही. रुग्ण नीट जागा हवा, ताठ बसवलेला हवा. आधी चमचाभर पाणी, ते निभावलं तर 90 मिलिलिटर पाणी न थांबता प्यायला द्यायचं. मध्येच थांबला, ठसका लागला किंवा नंतर ‘आ’ म्हणताना आवाज ओला, घरघरता आला, तर तिथेच थांबायचं. 1992 सालापासून वापरात असलेली ही चाचणी 2008 मध्ये 3,000 रुग्णांवर पडताळली गेली. ज्यांच्या श्वासनलिकेत खरोखर पाणी जात होतं, त्यांपैकी 96 टक्क्यांहून अधिक तिच्यात सापडले.

मात्र त्याच पडताळणीत, ज्यांच्या श्वासनलिकेत काही जात नव्हतं असेही निम्मे रुग्ण नापास ठरले. मग विनाकारण उपाशी ठेवायचं का? नाही. नापास म्हणजे पुन्हा तपासा, तज्ज्ञाला दाखवा, तोवर सलाईन किंवा नाकातली नळी. चार-सहा तासांची तहान न्यूमोनियापेक्षा परवडली. दुसरा आक्षेप असा, की काहींच्या श्वासनलिकेत पाणी जातं तरी ठसका लागतच नाही. खरं आहे, पाण्याचा घोट मोठा आणि सलग ठेवतात तो त्यासाठीच, तरी काही निसटतातच. तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा. गिळणं तपासणारा वाचा-उपचारतज्ज्ञ तालुक्याला कुठला? पण ऑस्ट्रेलियात 19 लकवा-विभागांपैकी 10 विभागांत सिस्टरनीच ताप, साखर आणि गिळणं यांकडे ठरवून लक्ष दिलं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी रुग्ण तिथे 42 टक्के होते, एरवीच्या पद्धतीत 58. श्रेय एकट्या गिळण्याच्या तपासणीचं नाही, पण हे काम सिस्टरला जमतं एवढं नक्की दिसलं.

अडचण खरी आहे ती रात्रीची. ‘तोंडाने काही देऊ नये’ एवढं केस पेपरवर लिहून भागत नाही. रुग्णाने पाणी मागितलं की जवळ झोपलेला मुलगा पेला पुढे करणारच. तपासणी त्याच्या देखतच करावी. घोटानंतर बापाचा आवाज कसा घरघरतो हे त्याने स्वतः ऐकलेलं असलं, की पाणी मागितल्यावर तो आधी सिस्टरला हाक मारील.