डीपीकेजी विदागार

डीपीकेजी विदागार म्हणजे डेबियन आणि तिच्यावर आधारित लिनक्स प्रणालींमध्ये, संगणकावर बसवलेल्या पॅकेजेसची नोंद ठेवणाऱ्या संचिकांचा संच होय. डीपीकेजी ही डेबियनची मूलभूत पॅकेज व्यवस्थापक आज्ञावली असून तिची पहिली आवृत्ती इयान मर्डॉक यांनी १९९४ मध्ये लिहिली. उबुंटू, तसेच पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची बॉस लिनक्स, या प्रणालींतही हीच रचना आढळते.

रचना

विदागार '/व्हार/लिब/डीपीकेजी' या निर्देशिकेत असते. त्यातील बहुतेक नोंदी साध्या मजकुराच्या स्वरूपात असल्यामुळे त्या कोणत्याही मजकूर संपादकात वाचता येतात.

'स्टेटस' ही यातील मुख्य संचिका होय. तीत प्रत्येक पॅकेजसाठी एक परिच्छेद असतो व दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ रिकामी सोडलेली असते. पॅकेजचे नाव, आवृत्ती, ते ज्यांवर अवलंबून आहे ती पॅकेजेस आणि सद्यस्थिती यांची नोंद त्यात असते. स्थिती तीन शब्दांत लिहिली जाते: वापरकर्त्याची इच्छा, त्रुटीची खूण आणि प्रत्यक्ष अवस्था.

'इन्फो' या उपनिर्देशिकेत पॅकेजनिहाय छोट्या संचिका असतात. उदाहरणार्थ, लोहित देवनागरी टंकाचे पॅकेज बसवल्यास 'लिस्ट' संचिकेत त्या पॅकेजने डिस्कवर ठेवलेल्या संचिकांचे मार्ग नोंदले जातात, तर 'एमडी५सम्स' संचिकेत त्यांच्या आशयावरून काढलेल्या तपासणी संख्या असतात. एखादी संचिका कोणत्या पॅकेजची आहे, हे 'लिस्ट' संचिकांत शोधून ठरवले जाते. पॅकेज बसवताना वा काढताना चालवायच्या लघुआज्ञावल्याही येथेच असतात.

संरूपण संचिका

वापरकर्ता बदलू शकेल अशा संरूपण संचिकांच्या मूळ तपासणी संख्या 'स्टेटस' संचिकेत जपल्या जातात. नवी आवृत्ती बसवताना डीपीकेजी त्यांची तुलना डिस्कवरील संचिकेशी करते. संचिका वापरकर्त्याने बदललेली असेल व नव्या पॅकेजमध्येही ती बदलली असेल, तर कोणती प्रत ठेवावी हे विचारले जाते. पॅकेज साध्या रीतीने काढल्यास संरूपण संचिका मागे राहतात. त्या पूर्णपणे काढण्यासाठी 'पर्ज' ही स्वतंत्र क्रिया करावी लागते.

सुरक्षितता

मध्येच वीज गेल्यास नोंदी अर्धवट राहू नयेत, म्हणून नवा मजकूर आधी वेगळ्या संचिकेत लिहून तिला मूळ नाव दिले जाते. जुनी प्रत 'स्टेटस-ओल्ड' या नावाने राहते. प्रत्येक लहान बदलासाठी संपूर्ण संचिका पुन्हा लिहावी लागू नये, यासाठी असे बदल 'अपडेट्स' निर्देशिकेत साठवून नंतर मुख्य संचिकेत मिसळले जातात. एका वेळी एकाच आज्ञावलीला बदल करता यावेत, यासाठी 'लॉक' संचिका असते.

एपीटीने उतरवलेली पॅकेजेस '/व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज' येथे साठतात. ती पुसली तरी पुन्हा उतरवता येतात. मात्र 'स्टेटस' संचिका व तिच्या प्रती नष्ट झाल्यास आज्ञावल्या डिस्कवर असूनही काय बसवले आहे, हे डीपीकेजीला कळत नाही.

इतर पद्धती

फेडोरा प्रणालीतील आरपीएम व्यवस्थापक मजकुरी संचिकांऐवजी द्विमान विदागार वापरतो. पूर्वी त्यासाठी बर्कली डीबी वापरले जाई. २०२० मधील फेडोरा ३३ पासून एसक्यूलाइट वापरले जाते.