समुद्राकडची रांग

पहाटे ५.३०
मे संपत आलाय. श्रीवर्धनच्या या वाडीत पहिलं काम शिपण्याचं. पंप सुरू करून पाट धाकट्या माडांच्या आळ्यांकडे वळवतो. थोरल्यांना रोज पाणी नाही. बुंध्याशी रोज थोडं थोडं पाणी मिळालं की मुळं तिथेच रेंगाळतात; लांबवर, भरपूर पण अंतराने भिजवलं तर ती पसरतात. माडाला सोटमूळ नसतंच. बुंध्यातल्या कंदातून सुतळीसारखी हजारो मुळं निघतात, आणि वाऱ्यात झाड धरून ठेवतं ते हेच जाळं.

६.३०
नारळ काढणारा आला. "काका, खाचा मारू का? चढायला बरं."
"खाचा नकोत रे. शिडी लाव."
आंब्याची साल सोलली तर जखम हळूहळू भरते. माडाचं खोड तसं भरून येत नाही, खाच जन्मभर राहते. शिवाय खोडाचा कणखरपणा बाहेरच्या धाग्यांत असतो आणि कोयता नेमके तेच कापतो. तयार असोले नारळ उतरवले. वादळात त्यांचेच दगड होतात. सुकी चुडतं काढली. हिरव्या झापाला मात्र हात लावू देत नाही. वारा कमी लागेल म्हणून शेंडा बोडका करणारे शेजारी आहेत. पण जवळजवळ प्रत्येक झापाच्या बेचक्यात एक पोय असते आणि झाप येतो महिन्याला साधारण एक. वाऱ्यात झाप स्वतःच लवतात, पाती मिटून घेतात.

९.००
भाकरी खाऊन खड्ड्यांकडे. मीटरभर लांब, रुंद, खोल. दोन खड्ड्यांत साडेसात मीटर अंतर. एवढी जागा मोकळी सोडताना जीव तुटतो, पण दाटीतला माड उजेडासाठी उंच धावतो आणि बारीक राहतो. तळाला सोडणं, वर माती आणि शेणखत, तेही निम्म्यापर्यंतच. रोप खड्ड्याच्या आत बसवायचं आणि ते वाढेल तशी भर घालायची, म्हणजे कंद जमिनीत खोल राहतो. जमिनीच्या पातळीवर लावलेल्या माडाची मुळं पुढे उघडी पडतात. रोपं बाणवली जातीची, वर्षभराची. उंच दिसणारं रोप बाजूला ठेवतो. बुटकं, जाड बुंध्याचं, लवकर पाती फुटलेलं घेतो. लावणी पाऊस स्थिरावल्यावर.

११.३०
ऊन चढलं. पोफळींच्या रिकाम्या रांगेत मिरीच्या वेलांना आधार बांधला. ३ जून २०२०च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. रोठा सुपारीसाठी नावाजलेल्या आमच्या गावात बागाच्या बागा आडव्या झाल्या. माडही पडले, पण अर्धे कललेले तरणे माड सरळ करून, मातीची भर देऊन टेकू लावले तर कंदातून नवी मुळं धरतात. मोडलेल्या पोफळीला असं काही करता येत नाही.

दुपारी
झोप.

४.००
भुंग्याची फेरी. कोवळा झाप उलगडला की त्रिकोणी कातर दिसते, तेव्हा गेंड्या भुंगा येऊन गेलेला असतो. तारेच्या हुकाने तो ओढून काढायचा. माडाला शेंडा एकच. तो गेला की झाड गेलं. या भुंग्याची अंडी-अळ्या सडक्या ओंडक्यांत आणि शेणखतात वाढतात, म्हणून वादळानंतर पडलेली खोडं बांधावर कुजत ठेवणं म्हणजे दुसरं वादळ पाळणं. खत उपसून अळ्या कोंबड्यांपुढे टाकल्या.

६.३०
मुंबईहून पुतण्याचा फोन. "काका, ठेंगू जात लावा ना, तीन-चार वर्षांत शहाळी."
त्याचं अगदीच चुकत नाही. पण बाणवलीसारखा फुगीर बुंधा बहुतेक ठेंगूंना नसतो. घराजवळ दोन ठेंगू लावीन म्हटलं. नारळ खालून काढता येतील, पडले तरी कौलं वाचतील. समुद्राकडच्या रांगेत बाणवलीच.