जुन्नराहून वसईस

जुन्नरकरांस समुद्र परका वाटतो. परंतु सातवाहनकाळीं येथील माल नाणेघाट उतरूनच कल्याण व सोपारा या बंदरांस जात असे. मुलें हा इतिहास पाठ करितात, पण ती वाट पाहत नाहींत. म्हणून दोन दिवसांची सहल नाणेघाटींच आरंभावी. राणी नागनिकेचा लेख व जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण दाखवून माळशेजमार्गें, कल्याणावरून, वसईस मुक्कामास जावें. दुसऱ्या दिवशीं ऊन चढण्यापूर्वीं, १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं पोर्तुगीजांकडून जिंकलेला किल्ला पाहावा. नंतर १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजींनीं उत्खनन केलेला सोपाऱ्याचा स्तूप. परततांना राजेळी केळ्यांचीं सुकेळीं मिळाल्यास अवश्य घ्यावीं. एके काळीं घाटावरचा माल बंदरास गेला. आतां बंदराची गोडी घाटावर येऊं द्या!