विकत घेतलेली वस्तू नक्की कोणाची?

अमेरिकेत नव्याने आलेल्या आपल्या माणसाला पहिल्या वर्षात जे धक्के बसतात, त्यांत एक दुरुस्तीचा असतो. व्हॅक्युम क्लीनर बंद पडला म्हणून तो दुकानात घेऊन जावे, तर दुकानदारच म्हणतो, "नवा घ्या, स्वस्त पडेल." मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत उभ्या-उभ्या रेडिओ दुरुस्त करून घेतलेला माणूस हे ऐकून हळहळतो. मग हळूहळू सवय होते. इथे मजुरी महाग आणि वस्तू स्वस्त, तेव्हा गणित असेच असणार, अशी आपण आपली समजूत घालतो.

हे गणित बऱ्याच अंशी खरे आहे. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यात मजुरीशी काडीचाही संबंध नसलेली एक गोष्ट शिरली आहे. ती म्हणजे वस्तूच्या आत बसवलेले सॉफ्टवेअर आणि त्या सॉफ्टवेअरच्या पाठीशी उभा असलेला कायदा. सॉफ्टवेअर लिहिणे हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्याने यातली तांत्रिक बाजू मला रोज दिसते. कायद्याची बाजू मी एक ग्राहक म्हणून वाचून समजून घेतली. या दोन्ही बाजू एकत्र मांडल्या तर वाचकांना उपयोग होईल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

कुलूप कसे लागते?

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरचे वॉशिंग मशीन अडले. ओळखीच्या मेकॅनिकने तासाभरात दोष शोधला. मोटार चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला होता. त्याच मॉडेलच्या मोडीत निघालेल्या मशीनचा चांगला बोर्ड त्याच्याकडे होता. तो बसवला, पण मशीन काही चालेना. पडद्यावर एक आकडा आला आणि तिथेच सगळे थांबले. मेकॅनिक शांतपणे म्हणाला, "भाग बरोबर आहे, पण मशीन त्याला ओळखत नाही. ओळख करून द्यायचा प्रोग्रॅम फक्त कंपनीच्या माणसाकडे असतो." कंपनीच्या माणसाची नुसती घरी येण्याची फी ऐकल्यावर नवीन मशीनच्या जाहिराती का छापतात ते कळले.

हे "ओळखणे" म्हणजे काय, ते समजून घेऊ. आजकाल अनेक सुट्या भागांत एक छोटी चिप असते आणि तिच्यात त्या भागाचा क्रमांक असतो. यंत्र सुरू होताना मुख्य बोर्ड त्या भागाला विचारतो, "तू कोण?" उत्तरात आलेला क्रमांक कारखान्यात नोंदवलेल्या क्रमांकाशी जुळला तरच पुढचे काम चालते. नवा क्रमांक नोंदवायचा, तर त्या नोंदीवर कंपनीची डिजिटल सही लागते आणि सही करण्याची गुप्त किल्ली कंपनीच्या संगणकात असते. म्हणजे भाग अस्सल आहे, मेकॅनिक कुशल आहे, मालक पैसे द्यायला तयार आहे; तरी दुरुस्ती अडते ती परवानगीवाचून. धार लावणाऱ्याने विळीला हात लावण्याआधी विळी करणाऱ्या लोहाराची चिठ्ठी आणावी, असा हा प्रकार झाला.

टेलिफोनचा धडा

"ज्याने वस्तू बनवली त्याचीच तिच्यावर सत्ता" हा दावा सॉफ्टवेअरच्या आधीपासूनचा आहे. या देशात एके काळी घरातला टेलिफोनसुद्धा बहुतेक ग्राहकांच्या मालकीचा नसे. तो ए.टी.अँड टी. कंपनीकडून भाड्याने येई आणि त्याला बाहेरची कोणतीही वस्तू जोडायला मनाई असे. बोलणे शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून रिसीव्हरवर बसवायचा 'हश-ए-फोन' नावाचा एक साधा पेला होता. त्यात वीज नाही, तार नाही. त्यालाही कंपनीने हरकत घेतली. "आमच्या यंत्रणेला धोका पोहोचेल," हे कारण! १९५६ साली न्यायालयाने तो पेला वापरण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य केला. पुढे १९६८ साली टेक्सासच्या थॉमस कार्टर यांच्या 'कार्टरफोन' या उपकरणाच्या प्रकरणात केंद्रीय दळणवळण आयोगाने, म्हणजे एफ.सी.सी.ने, निर्णय दिला की यंत्रणेला खरोखर अपाय होत नसेल तर बाहेरची उपकरणे जोडण्यास बंदी घालता येणार नाही.

त्या दरवाजातून पुढे उत्तरे टिपून ठेवणारी यंत्रे आली, फॅक्स आले आणि घरोघरी संगणकाला जोडायचे मोडेम आले. टेलिफोन यंत्रणा काही कोसळली नाही. "धोका आहे" हे कारण कंपनीने दिले म्हणून ते खोटे ठरत नाही, तसे खरेही ठरत नाही. ते तपासावे लागते, एवढाच यातला धडा.

एक चांगला कायदा, एक अडचणीचा

१९७५ साली अमेरिकन काँग्रेसने मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा केला. गंमत अशी की त्याच साली तिकडे मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. दोन टोकांना एकाच सुमारास ग्राहक जागा होत होता म्हणायचा. या कायद्यानुसार वॉरंटी टिकवण्यासाठी अमुकच कंपनीचा भाग वापरा किंवा अमुकच ठिकाणी दुरुस्ती करा, अशी अट सर्वसाधारणपणे घालता येत नाही. कंपनी तो भाग किंवा ती सेवा फुकट देत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा गाडीचे तेल कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये बदलले म्हणून वॉरंटी जात नाही. बाहेरच्या भागामुळे किंवा कामामुळेच बिघाड झाला असेल तर तेवढी दुरुस्ती कंपनी नाकारू शकते. "हे लेबल काढल्यास वॉरंटी रद्द" अशा चिठ्ठ्या आपण सर्रास पाहतो. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने, म्हणजे एफ.टी.सी.ने, सहा कंपन्यांना पत्रे पाठवून अशा भाषेबद्दल ताकीद दिली होती.

अडचणीचा कायदा १९९८ सालचा. त्याचे नाव डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा. चित्रपट आणि गाण्यांची चोरी थांबवणे हा त्याचा मुख्य हेतू. त्याच्या कलम १२०१ नुसार कॉपीराइट असलेल्या कृतीवरचे डिजिटल कुलूप तोडणे बेकायदेशीर ठरते. आता सॉफ्टवेअरलाही कॉपीराइट असतो आणि सॉफ्टवेअर तर गाडीत आहे, प्रिंटरमध्ये आहे, ट्रॅक्टरमध्ये आहे. त्यामुळे गाण्यासाठी केलेले कुलूप नांगराला लागले!

यावर उपाय म्हणून दर तीन वर्षांनी काही सवलती देण्याची सोय त्या कायद्यात आहे. त्या कोणी द्यायच्या? तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ग्रंथपालांनी, कारण कॉपीराइट कार्यालय त्यांच्या अखत्यारीत येते. ट्रॅक्टर दुरुस्त करायला ग्रंथपालाची परवानगी लागते, हे वाचून पु. लं.ना एखादा लेख सुचला असता. २०१५ साली या सवलतीवर चर्चा चालू असताना जॉन डिअर कंपनीने कॉपीराइट कार्यालयाला कळवले की ट्रॅक्टर घेणाऱ्याला त्यातले सॉफ्टवेअर मिळत नाही, वाहन चालवण्यापुरता त्याचा गर्भित परवाना मिळतो. इतक्या रकमेचे यंत्र घेणारा शेतकरी हे ऐकून काय म्हणाला असेल? सवलत शेवटी मिळाली. २०१८ साली ती वाढली आणि मालकाच्या वतीने दुसऱ्याने दुरुस्ती करण्यालाही वाव मिळाला. पण एक मेख राहिलीच आहे. सवलत मिळते ती कुलूप उघडण्याच्या कृतीला. कुलूप उघडण्याचे साधन तयार करून विकण्यावरची बंदी या सवलतींनी उठत नाही. शेतकऱ्याने स्वतःच सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हावे, अशी कायद्याची अपेक्षा दिसते.

मोबाइल फोनचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. भारतात जाताना फोन 'अनलॉक' करून तिथले सिम घालणे हा आपला नेहमीचा उद्योग. जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनसाठी ही सवलत बंद झाली. लोक भडकले आणि व्हाइट हाऊसकडे केलेल्या विनंतीअर्जावर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामांनी सही केलेल्या कायद्याने ती सवलत परत आली. सामान्य ग्राहकाचे कोणी ऐकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी बाजू

उत्पादकांचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. चोरीच्या फोनचे भाग सुटे करून विकले जातात. ब्रेकच्या सॉफ्टवेअरशी खेळ करणारा माणूस रस्त्यावरच्या सगळ्यांनाच धोका असतो. गाडीत शिरणाऱ्या भामट्याला अडवायला कुलूप हवेच.

पण प्रश्न कुलूप असावे की नसावे हा नाही. किल्ली कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न आहे. घराला कुलूप असते म्हणून किल्ली बिल्डरकडे ठेवून आपण दारात उभे राहत नाही. आमच्या शास्त्रात कर्कहॉफ्स यांचे १८८३ सालचे एक तत्त्व आजही शिकवतात. एखादी यंत्रणा कशी चालते हे सगळ्या जगाला कळले तरी, केवळ किल्ली गुप्त असेल तर, ती सुरक्षित राहिली पाहिजे. म्हणून दुरुस्तीची पुस्तिका आणि सर्किटची आकृती दडवून ठेवल्याने सुरक्षितता वाढते, हा युक्तिवाद माझ्यातल्या इंजिनिअरला पटत नाही. एफ.टी.सी.ने मे २०२१ मध्ये काँग्रेसला सादर केलेल्या अहवालातही दुरुस्तीवरच्या निर्बंधांसाठी दिलेल्या कारणांना फारसा पुरावा आढळला नाही, असाच निष्कर्ष आहे.

राज्यांनी काय केले?

केंद्रात गाडी अडली तरी राज्ये पुढे सरकली. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. इथल्या मतदारांनी २०१२ साली प्रचंड बहुमताने ठरवले की गाडीच्या दुरुस्तीची माहिती कंपनीने स्वतंत्र गॅरेजनाही दिली पाहिजे. २०१४ च्या सुरुवातीला मोटार कंपन्यांनी तेच तत्त्व देशभर पाळण्याचा करार केला. पुढे गाड्या बिनतारी माहिती थेट कंपनीला पाठवू लागल्या आणि जुन्या कायद्यातून ती वाट सुटली. म्हणून २०२० साली पुन्हा मतदान झाले. तुमची माहिती गुंडांच्या हाती पडेल, असे भीती घालणाऱ्या जाहिरातींचा त्या वेळी टीव्हीवर पाऊस पडत होता. तरी सुमारे ७५ टक्के मतदार बाजूने राहिले. मोटार कंपन्या लगेच न्यायालयात गेल्या आणि अंमलबजावणी सुरू व्हायला जून २०२३ उजाडला.

न्यूयॉर्कचा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये सही होता होता बराच पातळ झाला. मिनेसोटा आणि कॅलिफोर्नियाचे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. कॅलिफोर्नियात १०० डॉलर किंवा जास्त घाऊक किमतीच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि घरगुती उपकरणांसाठी, त्या मॉडेलचे उत्पादन थांबल्यापासून सात वर्षे, सुटे भाग, साधने व माहिती उपलब्ध ठेवणे उत्पादकावर बंधनकारक आहे. ५० ते १०० डॉलरच्या वस्तूंसाठी ही मुदत तीन वर्षांची आहे. ऑरेगॉनने २०२४ साली त्याहून पुढे जाऊन, वर सांगितलेल्या "ओळख" प्रकारालाच १ जानेवारी २०२५ नंतर बनलेल्या उपकरणांपुरता मज्जाव केला.

भारतातही हा विषय पोहोचला आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी एक पोर्टलही सुरू झाले. ज्या देशात गल्लोगल्ली मिक्सर दुरुस्त करणारा बसतो, तिथे दुरुस्तीचा हक्क मागावा लागावा, यावरून हे कुलूप किती दूरवर पोहोचले आहे ते समजते. या कुलपाने तो मिक्सरवाला बेकार होतो आणि त्याचे कसबही जाते. एकदा गेलेले कसब कायद्याने परत आणता येत नाही.

आपण काय करावे?

थोडक्यात चार गोष्टी सांगतो.

पहिली, वॉरंटीचे कागद आणि बाहेर केलेल्या कामाच्या पावत्या जपून ठेवा. "तुम्ही बाहेर काम करून घेतले, आता वॉरंटी गेली," असे कोणी म्हटले तर बिघाड त्या कामामुळेच कसा झाला ते लेखी मागा. मॅग्नसन-मॉस हे नाव पत्रात घाला. उत्तर न मिळाल्यास एफ.टी.सी.कडे आणि आपल्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार नोंदवा.

दुसरी, मोठी वस्तू घेताना किमतीबरोबर तीन प्रश्न विचारा. बॅटरी बदलता येते का? सुटे भाग बाहेर मिळतात का? इंटरनेट नसताना ही वस्तू चालते का? फ्रान्सने २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापायला लावले. आपल्याकडे गुण छापत नाहीत, म्हणून प्रश्न आपणच विचारायचे.

तिसरी, शेजारच्या स्वतंत्र मेकॅनिकला काम द्या. तो टिकला तरच हा हक्क कागदाबाहेर येईल.

चौथी, आपल्या राज्यात असे विधेयक आले की सुनावणीला एक पानाचे निवेदन पाठवा. आपल्यापैकी अनेकांना इथे मताचा अधिकार नाही. पण राज्याच्या समित्यांपुढे म्हणणे मांडायला सहसा रहिवासी असणे पुरते. आपल्या मंडळात निम्मेअधिक लोक संगणक क्षेत्रात आहेत. कंपन्यांचे प्रतिनिधी जेव्हा "हे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही" असे सांगतात, तेव्हा ते शक्य आहे हे सप्रमाण सांगू शकणारी माणसे आपल्यातच आहेत. निवेदनाचा मसुदा करायला कोणाला मदत हवी असेल तर मंडळाच्या पुढच्या सभेला मला जरूर भेटावे. मी एक नमुना तयार करून आणतो.